‘सिस्टर, पत्र कधी आलं?’ – वृद्धाश्रमातला धोका राहणाऱ्यांना आणि घरच्यांना कसा सांगावा

आमच्या मागच्या न्हाणीघरातल्या नळाला करंट येत होता आणि ते आम्हाला अकरा दिवस माहीत होतं. अकराव्या दिवशी आक्कांनी नळाला हात लावला.

मी सरकारी दवाखान्यांतून अठ्ठावीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर दाभोळ खाडीच्या अंगाला एका छोट्या वृद्धाश्रमाची व्यवस्था बघते. जुनी चिरेबंदी इमारत, वर कौलं, मागच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची विंग. राहणारे एकतीस. मुलंबाळं बहुतेक डोंबिवली-विरार-नालासोपाऱ्याला, दोघांची परदेशात, आणि पाच जणांना कोणीच नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत वायरिंग तपासायला आलेल्या माणसाने लेखी कळवलं. मागच्या विंगचा आरसीसीबी बायपास केलेला आहे, गिझरला अर्थिंग नाही, मागचं दार बाहेरून कुलूपबंद आहे. आरसीसीबी म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप पडणारा खटका. माणसाच्या जिवासाठी लावतात तो ३० मिलिअँपिअरचा. पावसात जांभ्याच्या भिंती ओल धरतात, मग आमचा खटका सारखा पडायचा आणि रात्री-अपरात्री अंधार व्हायचा. म्हणून कधीतरी कोणा वायरमनने तो वगळून सरळ जोडणी देऊन टाकली होती. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडायचा, त्यातलाच प्रकार.

विश्वस्तांची बैठक झाली. ‘आधी दुरुस्त करू, मग सांगू. उगाच घबराट कशाला?’ असं ठरलं. मलाही ते पटलं होतं, हे लपवत नाही. वायरमन मिळेना, कारण लावणीचे दिवस. तो स्वतःच चिखलात उभा. तोवर ‘मागचं न्हाणीघर शक्यतो वापरू नका’ असं तोंडी सांगून आम्ही मोकळे झालो.

आक्कांना झटका बसला, त्या मागे पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला. मुलगा रात्रीच्या गाडीने आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला ऑपरेशनबद्दल विचारेल, निदान ओरडेल, अशी माझी तयारी होती. त्याने एवढंच विचारलं, ‘सिस्टर, पत्र कधी आलं?’ तपासणीच्या पत्राचं त्याला रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. मी तारीख सांगितली. त्याने माझ्यासमोर बोटांवर दिवस मोजले.

तेव्हापासून सांगण्याची एक पद्धत आम्ही बसवली. आजूबाजूच्या तीन-चार आश्रमांतल्या माणसांनी ती लिहून मागितली, म्हणून हे लिहिते आहे. कोणी आश्रम चालवत असेल, कोणाचे आई-वडील आश्रमात असतील, तर दोघांच्याही उपयोगी पडेल.

कुठली गोष्ट त्याच दिवशी सांगायची

कौल फुटलं, गळतं, पंखा आवाज करतो, हे महिन्याच्या पत्रात जातं. त्याच दिवशी सांगायच्या गोष्टी ओळखायला मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. आज रात्री यामुळे कोणाचा जीव जाऊ शकतो का? काही झालं तर इथला माणूस आपल्या पायांनी बाहेर पडू शकेल का? आणि जीव वाचवणारी एखादी गोष्ट बंद पडली आहे किंवा कोणी बंद केली आहे का? एकाचं जरी उत्तर वाईट आलं तरी सूर्य मावळायच्या आत सांगायचं.

तिसरा प्रश्न लोक विसरतात. खटका बायपास आहे पण अजून कोणाला शॉक बसलेला नाही, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात गेलाय पण आग कुठे लागलीय, असं म्हणून तो विषय मागे पडतो. खरं तर अशा वेळी काही झालेलं नसतं, म्हणूनच सांगायला वेळ असतो.

कुलूपबंद दार मी सगळ्यात वर धरते. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका निवासात आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. आपल्याकडे साखळ्या नसतात, पण रात्री बाहेरून कडी घालायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती प्रेमापोटीच असते. आमच्याकडेही एक आजोबा रात्री उठून खाडीकडे चालायला लागायचे, म्हणून ते कुलूप. किल्ली वॉचमनच्या कमरेला आणि वॉचमन पुढच्या गेटवर. आता दाराला आतून साधी कडी आहे आणि वर देवळातल्यासारखी पितळेची घंटा टांगली आहे. दार हललं की मावशींना जाग येते. पहिला आठवडा आजोबांनी ती मुद्दाम वाजवली, हा भाग वेगळा.

आमच्या भागात आणखी दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे बंद न्हाणीघरातला गॅस गिझर. खिडकी लावलेली असेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता खाली बसतो तो उठत नाही. दुसरी म्हणजे झोपायच्या खोल्यांच्या बोळात ठेवलेले भरलेले सिलिंडर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो, आणि आमच्यातले चार जण जमिनीवर गादी टाकून झोपतात. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याचा नमुना दूषित आला तर तेही त्याच दिवशी. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून झालं की सांगू, असं करू नये; तोवर दोन वेळचं पाणी पोटात गेलेलं असतं.

आधी राहणाऱ्यांना, मग घरच्यांना

हा क्रम मी कोणासाठीही बदलत नाही. पहिलं कारण साधं आहे. नळाला हात मुलगा लावणार नसतो, आई लावणार असते.

दुसरं कारण मला महागात पडलं. त्या पत्राच्याही तीन आठवडे आधी आक्का मला म्हणाल्या होत्या, ‘नळ चावतो गो बाय.’ आक्कांना शुगर आहे. शुगरच्या पेशंटच्या हातापायांना मुंग्या येतात, हे मला जरा जास्तच माहीत होतं. मी त्यांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं आणि विसरून गेले. नंतर विचारलं तेव्हा मागच्या विंगमधल्या आणखी दोघींनी तेच सांगितलं. एकजण तर नळाला पदर गुंडाळून पाणी काढत होती. म्हणजे धोका आमच्याआधी त्यांना कळलेला होता. आम्हाला तो कागदावर यावा लागला. म्हणून सांगायला बसता तेव्हा आधी विचारा, ‘तुम्हाला काही जाणवलं होतं का?’ जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. ‘नळ चावतो’ असंच लिहा, ‘विद्युत गळतीची तक्रार’ असं नको.

वेळ आम्ही दुपारच्या चहाची धरतो. सकाळी अर्धे जण आंघोळीत नाहीतर पूजेत असतात, आणि रात्री सांगितलं तर झोप उडते. धोका रात्री आठला कळला तर मात्र रात्री आठलाच सांगायचं. ओटीवर सगळ्यांना बसवून मी उभी राहून सांगते. कागद हातात असला तरी वाचून दाखवत नाही, बोलते. वाचून दाखवलं की सगळ्यांना मयताची बातमी ऐकल्यासारखं वाटतं.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पाटी. मोठ्या अक्षरांत एका वेळी एक वाक्य, त्यांनी मान हलवली की पुसायचं आणि पुढचं. कानाशी ओरडून सांगितलेलं अर्धंच पोचतं आणि चार भिंतींपलीकडे मात्र पूर्ण पोचतं. विसरण्याचा आजार असलेल्यांना एकदा सांगून काही होत नाही, त्यांच्यासाठी जागा बदलावी लागते. न्हाणीघराला कुलूप, दारासमोर आडवा बाक, आणि एक मावशी तिथेच बसलेली. तरीही त्यांना सांगायचं. दर वेळी नव्याने सांगायचं आणि दर वेळी त्याच शब्दांत, म्हणजे निदान भीती नवी वाटत नाही.

‘बाबांना काही सांगू नका, त्यांचं बीपी वाढतं’ असं म्हणणारी मुलं असतात. माया असते, मी वाद घालत नाही. ‘तुमचं ऐकलं, पण ते त्या खोलीत झोपतात, त्यांना सांगावंच लागेल, तुम्ही फोनवर असताना सांगू का?’ असं विचारते. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

त्याआधी अर्धा तास मावश्या, स्वयंपाकीण आणि वॉचमन यांना तेच शब्द सांगून ठेवायचे. नाहीतर ओटीवर मी एक बोलते, स्वयंपाकघरात दुसरं चालतं आणि बाजारात तिसरं. आमच्याकडे दुपारी चारला आश्रमात कोणी शिंकलं की पाचला नालासोपाऱ्यात कळतं.

कागद कसा लिहायचा

आक्कांच्या अपघातानंतर आम्ही फळ्यावर जो कागद लावला, तो असा होता:

‘सर्व निवासींना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव मागील विंगमधील न्हाणीघर पुढील सूचना मिळेपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. – व्यवस्थापन.’

आमच्याकडचे नाना शाळामास्तर होते. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावलं. ‘बाई, अपरिहार्य म्हणजे जे टाळता येत नाही ते. आता मला सांगा, हे टाळता येत नव्हतं का?’ मग म्हणाले, ‘आणि गैरसोय? आक्का पडली ती गैरसोय?’ मी तो कागद काढला.

आज तेच पत्र आलं, तर त्याच दुपारी मी असं लिहीन:

‘मागच्या विंगच्या न्हाणीघरात नळाला आणि गिझरला करंट येतो. हात लावला तर जीव जाऊ शकतो.
करंट गळला की वीज तोडणारा खटका बायपास केलेला आहे. हे आम्हाला आज सकाळी लेखी कळलं.
दुपारी १ वाजता मागच्या विंगची वीज बंद केली. न्हाणीघराला कुलूप लावलं.
मागच्या दाराचं कुलूप काढलं. आता आतून कडी आहे, कोणीही उघडू शकतं.
मागच्या विंगचे आठ जण आज रात्री सभागृहात झोपतील. आंघोळीचं गरम पाणी पुढच्या चुलीवरून बादलीने मिळेल.
वायरमन शनिवारी येणार आहे. तो आला नाही तरी शनिवारी संध्याकाळी ५ वाजता इथेच पुन्हा सांगू.
तपासणीच्या पत्राची प्रत खालच्या बाकाला दोरीने बांधली आहे. कोणीही वाचावी.
विचारायचं असेल तर सिस्टर. कधीही.’

यात ‘आम्हाला आज सकाळी कळलं’ ही ओळ लिहिताना विश्वस्तांचा हात थरथरतो. तीच ओळ घरच्यांना हवी असते. आक्कांच्या मुलाने मला तेवढंच विचारलं होतं. उशीर झाला असेल तर उशिराचीच तारीख टाका आणि का झाला ते एका वाक्यात लिहा. कागदावरची तारीख मागे-पुढे करण्याचा मोह आवरा. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही गेटवर असते आणि तपासणीवाल्याची सही त्यात असते.

अक्षर मोठं आणि जाड काढा, पांढऱ्यावर काळं. मोतीबिंदूवाल्यांना लाल अक्षर काळ्याइतकं उठून दिसत नाही, आणि आमच्याकडे ‘धोका म्हणून लाल’ करण्याची भारी हौस. कागद फळ्यावर हवाच, शिवाय त्या विंगच्या दारावर आणि देवघराजवळही हवा, कारण फळ्याकडे फार जण फिरकत नाहीत, देवघराकडे सगळेच जातात.

प्रत दोरीने बांधण्याची कल्पना माझी नाही. माझी भाची न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये काम करते. तिच्याकडून कळलं की तिकडे १९८७ च्या केंद्रीय कायद्यापासून या गोष्टी बऱ्याच कडक झाल्या. ताज्या सरकारी तपासणीचा अहवाल राहणाऱ्यांना आणि घरच्यांना कोणाकडे न मागता वाचता येईल अशा जागी ठेवावा लागतो. सगळ्यात गंभीर दोषांना तिथे ‘इमिजिएट जेपर्डी’ म्हणतात, म्हणजे तात्काळ धोका. तपासणीचे निकाल सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. ती म्हणाली, ‘मावशी, कपाटात ठेवलेला अहवाल कोणी मागत नाही. मागायला लागणं हाच अडसर.’ आमच्याकडे कपाटही होतं आणि त्याची किल्लीही हरवलेली. म्हणून बाक आणि दोरी.

फोन

आश्रमातून अवेळी फोन आला की मुलाच्या मनात एकच गोष्ट येते. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मी आश्रमातून सिस्टर बोलते. आई बऱ्या आहेत, आत्ता चहा घेतायत.’ ते खरं असायला हवं, म्हणून फोन लावण्याआधी मी उठून बघून येते. मग, ‘इथे एक धोका सापडलाय, तो सांगायला फोन केलाय. बोलायला उभं राहायला जागा आहे का?’ संध्याकाळी सहा ते आठ विरार लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला आरसीसीबी समजावून काय उपयोग? तो म्हणतो, उतरून करतो. तसं वहीत लिहायचं आणि नऊपर्यंत आला नाही तर आपण करायचा.

नंतर फळ्यावरचेच शब्द, त्याच क्रमाने. धोका काय, कधी कळला, आत्ता काय केलं, आज रात्री आई कुठे झोपणार, पुढचं कधी सांगणार. आणि गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची गोष्ट मला सगळ्यात जड गेली. सिस्टर लोकांना धीर द्यायची सवय असते, ‘काही काळजी करू नका’ तोंडातून निघूनच जातं. काळजी करण्यासारखीच गोष्ट सांगायला फोन केलाय, तर ते कशाला म्हणायचं!

मुलं ओरडतात. एकाने मला ‘तुम्ही पैसे कसले घेता?’ असं विचारलं. उत्तर देऊ नये. ‘तुमचं बरोबर आहे, अजून काही विचारायचंय?’ एवढंच. ‘घेऊन जाऊ का?’ असं विचारलं तर ‘घेऊन जायचं तर आज या, महिन्याची आगाऊ सूचना लागणार नाही, उरलेले पैसे परत मिळतील’ हे स्पष्ट सांगायचं आणि विश्वस्तांकडून आधीच कबूल करून घ्यायचं. आमच्याकडे त्या वेळी एकच कुटुंब आजीला घेऊन गेलं, आणि चतुर्थी झाल्यावर परत घेऊन आलं.

फोन कोणाला, हाही प्रश्न आहे. अर्जावर पालक म्हणून थोरल्या मुलाचं नाव असतं. रोज संध्याकाळी आईशी बोलते ती मुलगी, सातारला दिलेली, आणि तिचं नाव कुठेच नसतं. आक्कांच्या मुलीला तीन दिवसांनी कळलं, तेही भावजयीच्या स्टेटसवरून. आता अर्जात आम्ही आक्कांना, नानांना, प्रत्येकाला स्वतःला विचारतो, ‘काही झालं तर कोणाला कळवायचं?’ दोन नावं, त्यांनी सांगितलेली. एका काकूंनी मुलाचं नाव न देता समोरच्या वाडीतल्या मैत्रिणीचं दिलं. दिलं तर दिलं. ज्यांचं कोणीच नाही त्यांनाही दोन नावं द्यायला सांगतो. एकांनी पोस्टमनचं नाव दिलं आणि पोस्टमन खरंच येऊन विचारून गेला.

ग्रुपवर संदेश सगळे फोन झाल्यावर, फळ्याच्या फोटोसकट. आधी टाकला तर ज्याची आई त्या विंगमध्ये आहे त्याला तो सत्तावीस अनोळखी लोकांबरोबर कळतो. अंगठा आला म्हणजे माणसाने वाचलं, असं धरू नये.

सगळ्यांचे नंबर कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन ठिकाणी ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे लाइट आणि नेटवर्क किती दिवस नव्हतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हाही तेच. मोबाइलमध्ये साठवलेले नंबर मोबाइलबरोबरच बंद पडतात. आता प्रत्येक नावापुढे एक शेजारी किंवा दुकान असतं, जिथून कोणीतरी चालत जाऊन निरोप देईल.

माणसापासून धोका असेल तेव्हा

हे वेगळं आणि अवघड आहे. कर्मचाऱ्याने मारलं, पैसे काढले, अंगावर हात टाकला, असा आरोप आला तर ज्यांच्या बाबतीत झालं त्यांच्या घरच्यांना सगळं सांगायचं, त्यांची स्वतःची इच्छा विचारून. बाकीच्यांना नाव आणि तपशील न देता एवढंच: ‘एका कर्मचाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रार आली आहे, त्याला कामावरून दूर ठेवलं आहे, पोलिसांना कळवलं आहे. तुमच्या माणसाला काही त्रास झाला असेल तर एकट्याने बोलायला सिस्टर आहे.’ राहणाऱ्यांना हे ओटीवर सांगू नका. खोलीत, दार लोटून, एकेकाला सांगा. आणि तो कर्मचारी आवारात असताना तर मुळीच सांगू नका.

सह्या कसल्या घ्यायच्या नाहीत

‘आम्हाला धोक्याची माहिती मिळाली असून आमची काही हरकत नाही’ असा कागद आमच्या एका विश्वस्तांनी करून आणला होता. मी तो वापरू दिला नाही. वहीत आपण लिहायचं: कोणाला, किती वाजता, कोणी सांगितलं, त्यांनी काय विचारलं. सही आपली. त्यांनी काय विचारलं हा रकाना फार उपयोगी पडतो. एकाने विचारलं होतं, ‘पुढच्या विंगचा खटका बघितला का?’ आम्ही बघितला नव्हता.

बाहेर कोणाला

शॉक बसून इजा झाली तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. लेखी अहवाल ४८ तासांत द्यायचा असतो; जीव गेला असेल तर २४ तासांत फोननेही कळवायचं असतं. गॅस गळतीला १९०६. आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८, काहीच सुचेना तर ११२. हे आकडे फळ्यावर कायमचे रंगवून टाका.

घरच्यांना वाटलं की आश्रम लपवतोय, तर त्यांनी काय करावं? आश्रम चालवणारी बाई हे सांगतेय याचं आश्चर्य वाटू देऊ नका. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. जिल्ह्याला समाज कल्याणचे सहायक आयुक्त बसतात. आश्रम ट्रस्टचा असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकाला किंवा ताबेदाराला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. भेटायला याल तेव्हा खुशाल विचारा, ‘जुलैचं कुठे आहे?’ आणि ते कोणी दाखवण्याआधी न्हाणीघरात जाऊन गिझर बघा, मागचं दार स्वतः उघडून बघा. आईशी एकटीशी दहा मिनिटं बोला आणि ‘इथे कशाची भीती वाटते?’ असं विचारा. ‘बरं आहे ना?’ असं विचारलंत तर ‘बरं आहे’च येणार.

शनिवारी संध्याकाळी पाच

सांगितलेल्या वेळी पुन्हा सांगायचं. काही घडलेलं नसलं तर जास्तच सांगायचं. आमचा वायरमन पहिल्या शनिवारी आला नाही. मी ओटीवर उभी राहून म्हटलं, ‘वायरमन आला नाही. त्याची लावणी अजून दोन दिवस आहे. दापोलीचा दुसरा बघितलाय, तो सोमवारी येतो म्हणतोय. तोवर वीज बंदच.’ कोणी काही बोललं नाही. एक आजोबा म्हणाले, ‘लावणी सोडून कोण येणार!’ आणि तो विषय संपला. न बोलता शनिवार काढला असता तर रविवारी त्याच ओटीवर पंचायत बसली असती.

दुरुस्ती झाली की ‘काम पूर्ण झाले’ असं लिहून भागत नाही. दाखवावं लागतं. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका पडला पाहिजे. पण त्याने खटका चालतो एवढंच कळतं. अर्थिंग ठीक आहे की नाही ते वायरमनच्या मीटरवरच दिसतं, म्हणून त्याला सगळ्यांसमोर मीटर लावायला सांगितला आणि आकडा फळ्यावर लिहिला. आक्का तोवर वॉकर घेऊन परत आल्या होत्या. त्यांना पहिल्यांदा नळ सोडायला सांगावं की नाही, यावर आमच्यात चर्चा चालली होती, तेवढ्यात त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला, पदर हाताला गुंडाळला आणि नळ सोडला. मग पदर काढून पुन्हा एकदा.

जुना कागद आम्ही लगेच काढत नाही. त्याच्याच खाली दुरुस्तीची तारीख लिहून तीन महिने तसाच ठेवतो. चतुर्थीला मुंबईची माणसं आली, त्यांनी तो वाचला. एकदोघांनी नाकं मुरडली, बऱ्याच जणांनी मागच्या विंगला जाऊन नळ बघितला.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, नाश्त्याआधी, नाना बोर्डाखाली खुर्ची घेऊन बसतात. मी ‘लिफ्ट नाही ना कोणी वापरत?’ असा जुनाच विनोद करते. आमच्याकडे लिफ्टच नाही. नाना ‘टी’ दाबतात. खट्‌कन आवाज होतो, पंखे मंदावत जातात आणि आतून आक्का विचारतात, ‘पडला काय रे?’ नाना वहीत तारीख टाकतात आणि पुढे लिहितात, ‘पडला.’